सहा आठवड्यांची शिकवणी

नोकरी परदेशात जाते म्हणजे नेमके काय होते, हे मी पहिल्यांदा पाहिले ते दुसऱ्याच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसल्यावर. ते टेबल ज्यांचे होते त्या बाई एका मोठ्या विमा कंपनीत बावीस वर्षे दावे तपासण्याचे काम करत होत्या. पुढच्या सहा आठवड्यांत त्यांनी ते काम मला शिकवायचे, मी ते समुद्रापलीकडे माझ्या टीमकडे न्यायचे आणि सातव्या आठवड्यापासून त्यांनी कामावर यायचे नाही, असे ठरलेले होते. आमच्या धंद्यात या प्रकाराला केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. पहिले दोन आठवडे शॅडोइंग, म्हणजे त्या काम करणार आणि मी पाहणार. पुढचे दोन आठवडे मी करणार आणि त्या पाहणार. शेवटी रिव्हर्स केटी, म्हणजे त्यांचेच काम मी त्यांना समजावून सांगायचे आणि मला ते नीट समजले आहे अशी सही त्यांनी एका तक्त्यावर करायची. तक्त्यात त्रेचाळीस ओळी होत्या. सगळ्या ओळींपुढे सही झाल्याखेरीज त्यांना नोकरी सोडतानाची पूर्ण भरपाई मिळणार नव्हती, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळले, आणि तेही त्यांनीच फाइल पुढे सरकवता सरकवता, हवापाण्याबद्दल बोलावे तसे सांगितले.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. या काळात आउटसोर्सिंगमुळे देशातल्या नोकऱ्यांवर काय परिणाम होतो या प्रश्नावरचे हाती लागेल ते मी वाचत आले आहे, कारण ज्या बाजूला काम येते त्या बाजूला बसून पगार घेणाऱ्या माणसाने निदान एवढे तरी करावे असे मला वाटते. वाचून माझे मत असे झाले आहे की, नोकऱ्या एकूण किती गेल्या आणि किती आल्या या हिशेबात दोन्ही बाजूंचे लोक भांडत राहतात, आणि खरी हानी त्या हिशेबाच्या बाहेर राहते. हानी मोजक्या माणसांवर, मोजक्या गावांवर आणि कामाच्या एका विशिष्ट पायरीवर पडते. फायदा मात्र इतक्या लोकांत वाटला जातो की तो मिळालेल्या माणसाला आपल्याला काही मिळाले आहे हेही जाणवत नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. आउटसोर्सिंग म्हणजे काम कंपनीबाहेर देणे; ते शेजारच्या इमारतीतल्या कंत्राटदाराला दिले तरी आउटसोर्सिंगच. ऑफशोरिंग म्हणजे काम देशाबाहेर नेणे. कंपनीने परदेशात स्वतःचेच कार्यालय उघडले, तर काम देशाबाहेर जाते पण कंपनीबाहेर जात नाही. लोक चिडतात ते बहुधा दुसऱ्या प्रकारावर, आणि शब्द वापरतात पहिला. मीही इथे रूढ झालेला शब्दच वापरणार आहे. मात्र देशातल्या देशात कंत्राटदारांकडे गेलेल्या साफसफाई, सुरक्षा आणि खानपानाच्या नोकऱ्यांचे पगार आणि सवलती ज्या प्रकारे घसरल्या, त्याला परदेशाचा काहीही संबंध नव्हता, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

वस्तूंचे उत्पादन दूर नेणे शक्य झाले ते प्रामुख्याने वाहतूक स्वस्त झाल्यामुळे. माल भरलेले ॲल्युमिनियमचे कंटेनर घेऊन आयडियल-एक्स हे जहाज १९५६ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीहून टेक्सासकडे निघाले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च इतका घटला की कारखाना ग्राहकाजवळ असण्याची गरजच कमी झाली. कागदी कामाच्या बाबतीत हेच घडले ते १९९० च्या दशकाच्या शेवटी. दूरसंचार कंपन्यांनी इंटरनेटच्या तेजीत समुद्रतळाशी भरमसाट केबल टाकल्या, मग तेजीचा फुगा फुटला, अनेक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, पण केबल जागच्या जागी राहिल्या आणि त्यांवरून माहिती पाठवणे मातीमोल भावात होऊ लागले. ज्यांनी त्या केबलमध्ये पैसे घातले त्यांचे बुडाले, आणि माझ्यासारख्या हजारोंना त्यातून नोकऱ्या मिळाल्या.

कोणती नोकरी जाऊ शकते याबद्दलचा सगळ्यात उपयुक्त विचार मला अर्थशास्त्रज्ञ ॲलन ब्लाइंडर यांच्याकडे सापडला. पूर्वी समज असा होता की कमी शिकलेल्यांची कामे जातील आणि शिकलेल्यांची राहतील. ब्लाइंडर यांनी २००६ मध्ये मांडले की शिक्षणाचा इथे फारसा संबंध नाही. ते काम तारेवरून पाठवताना त्याचा दर्जा घसरतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरचे काम जाऊ शकते, पण जखम शिवणाऱ्या डॉक्टरचे नाही; हिशेब तपासनिसाचे जाऊ शकते, पण नळ दुरुस्त करणाऱ्याचे नाही. या कसोटीवर अमेरिकेतल्या २२ ते २९ टक्के नोकऱ्या परदेशात जाण्याजोग्या आहेत असा त्यांचा अंदाज होता. जाण्याजोग्या म्हणजे जाणारच असे नव्हे, हे त्यांनी स्वतःच बजावले होते. पण वर्तमानपत्री मथळ्यांत असल्या बारीक फरकाला जागा नसते.

अर्थशास्त्राची मूळ भूमिका जुनी आहे. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये दाखवून दिले की एखादा देश सगळ्याच गोष्टी दुसऱ्यापेक्षा चांगल्या बनवत असला, तरी त्याने ज्यात आपली आघाडी सर्वांत मोठी आहे ते बनवावे आणि बाकीचे बाहेरून घ्यावे, यात दोघांचाही फायदा असतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव यांनी २००४ च्या फेब्रुवारीत सेवांचे आउटसोर्सिंग हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच एक नवा प्रकार आहे असे सांगितले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी त्यांच्यावर झोड उठवली. परंतु पुस्तकी अर्थाने ते चूक नव्हते. त्याच वर्षी ८९ वर्षांचे नामवंत अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी एका लेखात आठवण करून दिली की, दुसरा देश नेमके तुम्ही ज्यात आघाडीवर होता तेच काम स्वस्तात आणि चांगले करू लागला, तर तुमचा पूर्वीचा फायदा कायमचा आटू शकतो, आणि हेही त्याच सिद्धान्तातून निघते. सॅम्युएल्सन यांना संरक्षणवादी, म्हणजे आयात रोखा म्हणणारे, ठरवण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणून तो लेख अनेकांना बोचला.

फायद्याची बाजू किती खरी आहे हे पाहायचे तर आयपॉडचे उदाहरण घ्यावे. लिंडेन, डेड्रिक आणि क्रेमर या तीन संशोधकांनी तीस गिगाबाइटच्या एका आयपॉडची किंमत उलगडून पाहिली. दुकानात २९९ डॉलरला मिळणाऱ्या त्या वस्तूच्या चीनमधल्या जुळणीला चार डॉलरसुद्धा पडत नव्हते, आणि ॲपलच्या वाट्याला सुमारे ८० डॉलर येत होते. पुढे त्यांनी नोकऱ्याही मोजल्या. २००६ मध्ये आयपॉडभोवती जगभरात सुमारे ४१,००० नोकऱ्या होत्या; त्यांतल्या सुमारे २७,००० अमेरिकेबाहेर आणि १४,००० अमेरिकेत. पण पगाराची बेरीज केली तर अमेरिकेतल्या थोड्या लोकांना बाहेरच्या जास्त लोकांच्या दुपटीहून अधिक पैसे मिळत होते. देश म्हणून पाहिले तर सौदा उत्तम होता. मात्र अमेरिकेतल्या त्या नोकऱ्या एकीकडे अभियंते आणि व्यवस्थापक, दुसरीकडे दुकानातले विक्रेते आणि गोदामातले कामगार, अशा दोन टोकांना होत्या. कारखान्यात उभे राहून बऱ्यापैकी पगार मिळवणारा मधला माणूस त्या यादीत जवळपास नव्हताच. मला या अभ्यासातली एकूण बेरीज आठवत राहत नाही, ती मधली रिकामी जागा आठवत राहते.

त्या मधल्या माणसाचे काय होते यावर आता पुरावा भरपूर आहे. अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या २००० साली सुमारे १ कोटी ७३ लाख होत्या, त्या २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाखांवर आल्या. हे सगळे परदेशामुळे झाले असे म्हणणे खोटे ठरेल. यंत्रे सुधारली, आणि २००८ ची मंदी तर होतीच. परंतु चीन २००१ च्या डिसेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला त्या सुमारास वाढलेल्या तिथल्या आयातीचा वेगळा हिशेब अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला, तेव्हा १९९९ ते २०११ या काळात तिच्यामुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज निघाला. यातली सगळी आयात म्हणजे आउटसोर्सिंग नव्हे, पण आपलाच माल तिकडच्या कंत्राटी कारखान्यातून करून घेऊन स्वतःच्या छापाने विकणाऱ्या कंपन्या त्यात मोठ्या संख्येने होत्या. मोठ्या अर्थव्यवस्थेत बारा वर्षांत २४ लाख हा आकडा प्रचंड नाही. तिथे कुठल्याही महिन्यात त्याहून जास्त लोकांची नोकरी सुटते आणि त्याहून जास्त लोक नवी धरतात.

मग एवढा त्रास का झाला? कारण त्या नोकऱ्या देशभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. फर्निचर, कापड, खेळणी, चपला असे एकेक उद्योग एकेका पट्ट्यात एकवटलेले होते, आणि कारखाना गेला की कारखान्याबरोबर तिथली घरांची किंमत, दुकानदारांचा धंदा आणि शाळेला मिळणारा कर हे सगळेच खाली आले. पाठ्यपुस्तकात माणसे अशा वेळी जिथे काम आहे तिथे जातात. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांच्या अभ्यासात असे दिसले की माणसे फारशी गेलीच नाहीत. ती तिथेच राहिली, कमी पगाराच्या कामाला लागली किंवा कामाच्या शोधातूनच बाहेर पडली, आणि अपंगत्व भत्ता घेणाऱ्यांची संख्या त्या भागांत वाढली. जे घर विकून निघायचे त्या घराला गिऱ्हाईकच नसेल तर माणूस निघणार कसा, हा साधा प्रश्न सूत्रांत बसत नाही.

वयाचाही प्रश्न आहे. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन यांनी १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या कामगारांची नोंद तपासली होती. एकाच ठिकाणी बरीच वर्षे काढून मोठ्या कपातीत नोकरी गमावलेल्या माणसांची कमाई पुढे कित्येक वर्षांनंतरही सुमारे २५ टक्क्यांनी कमीच राहिली होती. त्यांना दुसरी नोकरी मिळाली नव्हती असे नाही. पण अनुभवाचा मोठा भाग त्या एका कंपनीच्या, त्या एका यंत्राच्या, तिथल्या फायलींच्या ओळखीचा असतो, आणि तो दुसऱ्या दारात चालत नाही. माझ्या त्या शिक्षिका बाईंचे वय तेव्हा बावन्न होते. पुढे काय करणार, असे मी त्यांना एकदा विचारले. आधी सहीचा तक्ता संपवू या, असे त्या म्हणाल्या.

भरपाईची व्यवस्था नव्हती असेही नाही. आयातीमुळे काम गेलेल्यांना भत्ता आणि प्रशिक्षण देण्याची योजना अमेरिकेत केनेडींच्या काळात, १९६२ मध्ये सुरू झाली. ती साठ वर्षे कधी वाढत, कधी आक्रसत चालली आणि २०२२ च्या जुलैपासून तिच्यात नवे अर्ज मंजूर करणेच थांबले, कारण संसदेने मुदत वाढवली नाही. युरोपीय संघाने २००७ पासून अशाच कामासाठी वेगळा निधी ठेवला आहे. डेन्मार्कने निराळी वाट धरली: तिथे मालकाला माणूस काढणे सोपे आहे, परंतु काढलेल्या माणसाला दोन वर्षांपर्यंत चांगला बेकारी भत्ता आणि सोबत नव्या कामाचे प्रशिक्षण मिळते. ही व्यवस्था मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात तुमची नोकरी परदेशामुळे गेली की यंत्रामुळे, हे कारकुनापुढे सिद्ध करत बसावे लागत नाही. ज्याची नोकरी गेली त्याला कारण कळून तरी काय करायचे असते?

एक परिणाम असा आहे की जो कुठल्याच कपातीच्या यादीत दिसत नाही. काम नेण्याची धमकीसुद्धा काम करते. अमेरिकेत कामगार संघटना उभी राहत असताना मालकांनी कारखाना बंद करण्याची किंवा हलवण्याची भीती घातली का, याचा शोध केट ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९९० च्या दशकात घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी असे घडल्याचे दिसले. प्रत्यक्षात हलवलेले कारखाने त्या मानाने फारच थोडे होते. पगारवाढ मागायला गेलेला माणूस मुकाट्याने परत येतो, आणि त्याची नोकरी शाबूत राहिल्यामुळे आकडेवारीत तो सुरक्षित म्हणून मोजला जातो. आमच्या कामाच्या निविदा मागवताना एखाद्या कंपनीने काम कुठेच दिले नाही, पण आमचा दर दाखवून आपल्याच लोकांची पगारवाढ गोठवली, असे मी दोनदा पाहिले आहे. दोन्ही वेळा आम्हाला वाटले की आमचे सादरीकरण कमी पडले.

आता त्या टेबलाकडे परत येते. चौथ्या आठवड्यात मी एक दावा मंजुरीसाठी पुढे केला. एका गोदामात आग लागली होती, सगळे कागद एसओपीप्रमाणे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीप्रमाणे, जागेवर होते, रकमा जुळत होत्या. बाईंनी पहिल्या अहवालावरचे, नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकाचे नाव वाचले आणि तो दावा बाजूला ठेवला. हा गृहस्थ पहिल्या अहवालात नेहमी अंदाजाने गोल रक्कम लिहितो आणि महिन्याभराने सुधारित अहवाल पाठवतो, तेव्हा आधी त्याला फोन करायचा, असे त्या म्हणाल्या. हे एसओपीत कुठे आहे, असे मी विचारले. त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला. आत एक जाड वही होती, आणि तिच्यात सर्वेक्षकांची, गॅरेजवाल्यांची, वकिलांची नावे व प्रत्येकापुढे दोन-तीन शब्दांच्या नोंदी होत्या: बिल रविवारच्या तारखेचे, फोटो जुने, शब्दाला पक्का. त्रेचाळीस ओळींच्या तक्त्यात या वहीसाठी ओळ नव्हती. ज्यांनी तक्ता केला त्यांना वही असल्याचे ठाऊक नव्हते, आणि बाईंना ती कोणी मागितली नव्हती. मीही मागितली नाही. शेवटच्या दिवशी ती त्यांच्या कपाबरोबर आणि एका कुंडीबरोबर पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी गेली.

करार करताना काम म्हणजे जे लिहून काढता येते ते, असे धरलेले असते. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने पाणी तापवण्याचे एक विजेचे यंत्र चीनमध्ये बनवून घेतले होते. २०१२ मध्ये ते काम अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल इथल्या आपल्या जुन्या कारखान्यात परत आणले, तेव्हा रचना करणारे आणि जुळणी करणारे पहिल्यांदाच एकत्र बसले. नळ्यांचे वेटोळे इतके किचकट होते की ते जोडणार कसे असा प्रश्न पडला, म्हणून त्यांनी रचनाच बदलली, सुटे भाग कमी केले, आणि दहा तासांची जुळणी दोन तासांवर आली. वस्तू चीनमधल्यापेक्षा स्वस्त पडू लागली. घरवापसीची गोष्ट म्हणून ही गाजली. पण दहा तासांचे दोन तास झाले याचा अर्थ काम परत आले तेव्हा माणसांची गरज पाचव्या हिश्श्यावर आलेली होती, हे टाळ्यांत विरून गेले. गेलेली नोकरी तशीच्या तशी परत आणण्याचे आश्वासन देणारे पुढारी हे सांगत नाहीत, कारण सांगितले तर सभेला कोण येईल?

मला स्वतःला सर्वांत जास्त छळतो तो पायरीचा प्रश्न. परदेशात पहिल्यांदा जाते ते खालचे काम: लहान दावे, साधी बिले, चाचणीचा कोड, नकाशावरची रेघ ओढणे. वरचे काम आमच्याकडेच राहील, असे मूळ कंपनी आपल्या लोकांना सांगते, आणि ते खरेही असते. पण वरचे काम करणारी माणसे आकाशातून पडत नाहीत. ती लहान दावे तपासता तपासता, चुका करता करता, कोणाच्या तरी शेजारी बसून तयार झालेली असतात. त्या विमा कंपनीत लहान दावे आमच्याकडे आल्यानंतर सातव्या-आठव्या वर्षी मोठे दावे पाहणारे लोक एकेक करून निवृत्त होऊ लागले आणि त्यांच्या जागी बसवायला आतून कोणी उरले नव्हते. मग मोठे दावेही आमच्याकडे आले. आम्ही बढती मिळाली म्हणून पेढे वाटले. तिकडच्या तरुणांसाठी त्या धंद्यात शिरण्याचा दरवाजाच बंद झाला होता, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही नोकरी गेली नव्हती, कारण ती त्यांना कधी मिळालीच नव्हती. अशा न मिळालेल्या नोकऱ्यांची गणना कोणतेही सरकार करत नाही.

गेल्या तीन वर्षांत आमचे लहान दावे आणखी स्वस्त ठिकाणी आणि त्याहून जास्त संगणकीय प्रणालीकडे गेले. सध्या माझ्याकडे मोठे दावे पाहणाऱ्या माणसाची एक जागा रिकामी आहे. किमान सहा वर्षे दावे तपासण्याचा प्रत्यक्ष अनुभव हवा, अशी जाहिरात आम्ही आठ महिन्यांत तीनदा दिली. अर्ज पुष्कळ आले आणि मुलेही हुशार होती, पण मुलाखतीत गोदामाच्या आगीचा तोच जुना दावा समोर ठेवला की ती एसओपीचे पान अचूक सांगतात आणि दावा मंजूर करतात. सर्वेक्षकाचे नाव आजवर एकानेही वाचलेले नाही.